लाल शाईचा शिक्का

३ फेब्रुवारी, सोमवार

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. इकडे सगळं ठीक. तुम्ही दोघंही ठीक असाल असं धरून चालते. धरून चालण्याशिवाय तू दुसरा मार्गच ठेवलेला नाहीस. फोन उचलत नाहीस, वहिनी ‘तुमचं तुम्ही मिटवा’ म्हणून फोन ठेवून देते, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाही, म्हणजे तू मला बंद करून टाकलं आहेस. घरच्या ग्रुपमधून तू बाहेर पडलास त्याला परवा तीन महिने झाले. त्रेचाळीस माणसांतून एक माणूस गेला आणि सकाळी सातला सगळ्यांचे फोन वाजायचेच बंद झाले. एवढा आवाज तू एकटा करत होतास हे तेव्हा कळलं.

असो. भांडायला लिहीत नाही, हालहवाल कळवायला लिहितेय.

मला शाळेत स्वतंत्र खोली मिळाली. जिन्याखालची, पूर्वी खेळाचं सामान ठेवायचे ती. सामान हलवलं, पण रबरी चेंडूंचा वास काही हलला नाही. मुलं आत येतात, खोल श्वास घेतात आणि रडायच्या ऐवजी खेळायच्या तासाबद्दल बोलायला लागतात. शिपाईमामांना ‘समुपदेशक’ म्हणायला जड जातं, म्हणून त्यांनी दारावर खडूने ‘सल्ला’ एवढंच लिहिलंय. तुलाही माझं काम नक्की काय ते कधी कळलं नाही. ‘ती मुलांशी गप्पा मारते’ असं तू दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोस, ते माझ्या कानावर आलेलं आहे.

तर यंदा गप्पांचा विषय मुख्याध्यापिकांनी ठरवून दिला. मुलांना अफवा, खोट्या बातम्या, फोनवर फिरणारे भलतेसलते मेसेज यांपासून सावध करायचं. संगणकाचे सर लगेच म्हणाले, हे काम माझं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “तुमचे संगणक ठणठणीत आहेत हो सर. खोटं माणसाच्या डोक्यात शिरतं, आणि डोकी यांच्या खात्यात येतात.”

मी कामाला लागले. दाराबाहेर एक पत्र्याची पेटी लावली. ज्याला जे संशयास्पद वाटेल ते त्याने कागदावर लिहून, खाली आपलं नाव घालून पेटीत टाकायचं. शनिवारच्या तासाला मी त्याला पुढे बोलावून तो कागद मोठ्याने वाचायचा आणि निकाल द्यायचा. निकालासाठी खास एक शिक्का करून घेतला. लाकडी मूठ, लाल शाई, जाड अक्षरांत ‘खोटे’. धप्प! तुला सांगते, फळ्यावर तासभर बोलून जे होत नाही ते एका धप्पने होतं. मुलं टाळ्या पिटायची. एकदा मी दहा मिनिटं खोलीबाहेर गेले, तेवढ्यात कुणीतरी शिक्का पळवला आणि उपाहारगृहाच्या ‘आज ताजे’ या पाटीवर उमटवला. मुख्याध्यापिकांच्या दारावर ‘दोन मिनिटांत येते’ अशी चिठ्ठी असते, तिच्यावरही. दोन्ही ठिकाणी निकाल बरोबर होता, हे मला खासगीत मान्य करावं लागलं.

त्याच शिक्क्याचा फोटो काढून मी घरच्या ग्रुपवर वापरत होते, ते तुला आठवत असेलच. सकाळी सातला तू, सात वाजून दोन मिनिटांनी मी.

आता कौतुकाची गोष्ट. पेटी गेले तीन आठवडे रिकामी आहे! एक कागद नाही. मुख्याध्यापिकांनी सगळ्या शिक्षकांसमोर माझं नाव घेतलं. शाळेतून खोटं हद्दपार झालं, म्हणाल्या. तूही गेल्या तीन महिन्यांत ग्रुपवर एकही खोटा मेसेज टाकलेला नाहीस, याचीही नोंद घेते. म्हणजे पद्धत सगळीकडेच लागू पडली म्हणायची.

राग सोड. चुकीचं होतं ते चुकीचं म्हटलं, एवढंच. तू दुसऱ्याच्या घड्याळातली चूक शोधतोसच की.

तुझी धाकटी, पण या बाबतीत बरोबर असलेली,
बहीण

ता. क. वहिनीचा हात कसा आहे?


१७ फेब्रुवारी, सोमवार

दादास नमस्कार,

उत्तर आलं नाही. टपालवाल्यांवर मी संशय घेत नाही. मागचं पत्र तू वाचलं असशील, आणि वाचून काय म्हणाला असशील तेही मला ऐकू आलं. तर आज तुला हसायला विषय देते. पोटभर हस. माझं हसं शाळेत आधीच झालंय.

मागच्या शुक्रवारी सहावी ते आठवीची डोळेतपासणी होती. एकूण मुलं एकशे ऐंशी. डॉक्टर आले, सभागृहाच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावून बसले, आणि मुलं आली अडुसष्ट. बाकीच्या एकशे बारा जणांची पोटं दुखत होती. पालकांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन शिपाईमामा माझ्याकडे आले. “बाई, ही साथ आहे का? माझ्याही पोटात जरा गलबलतंय.”

डॉक्टरांनी रिकामं बसण्यापेक्षा शिक्षकांचे डोळे तपासायला घेतले. खेळाच्या सरांना तक्त्यावरची तिसरी ओळ दिसेना. सर चौदा वर्षं शाळेच्या सगळ्या सामन्यांचे पंच आहेत. प्रत्येक वर्गशिक्षक मनातल्या मनात आपल्या वर्गाचे हरलेले सामने परत खेळत होता.

पोटांचं कारण मला आठवीतल्या एका मुलीने सांगितलं. तिला सगळी शाळा टाचणी म्हणते. बारीक, ताठ, आणि टोचायचं तिथेच टोचते. सोमवारपासून शाळेत एक मेसेज फिरत होता म्हणे. तपासणीत डोळ्यांत जे थेंब टाकतात, त्याने तीन महिने रंग दिसत नाहीत. मावसभावाच्या शाळेत चाळीस मुलांना सगळं जग राखाडी दिसतंय. खरं तर डॉक्टर थेंब टाकणारच नव्हते. त्यांच्या बॅगेत तक्ता, बॅटरी आणि डबा याशिवाय काही नव्हतं.

“सोमवारपासून?” मी म्हटलं. “मग पेटीत का नाही टाकलं कुणी?”

“टाकून काय, बाई? तुम्ही धप्प करणार. सगळे हसणार. मग ज्याने कागद टाकला त्याला महिनाभर ‘ए खोटे’ अशी हाक मारणार. सातवीतल्या एकाला अजून मारतात.”

“अगं, मी शिक्का मेसेजवर मारते, मुलांवर नाही.”

“हो बाई. पण कागद टेबलावर असतो आणि मूल पुढे उभं असतं.”

दादा, पेटी रिकामी होती कारण खोटं बंद झालं होतं असं नाही. मला विचारणं बंद झालं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातला कोरडा पाषाण मी. आणि याच रिकाम्या पेटीबद्दल मी तुला मागच्या पत्रात फुशारकी मारली.

मग टाचणीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन फळ्यावर माग काढायला बसले. कुणाला कुणी सांगितलं, त्याचे बाण. चाळीसेक मुलं छातीठोकपणे म्हणत होती, “बऱ्याच जणांकडून ऐकलंय.” बाण काढत गेलो तर बरेच जण म्हणजे एकच बाक निघाला. त्या बाकावरून मावसभावाचा नंबर मिळवून त्याला फोन लावला. त्याला शाळा सोडून अकरा वर्षं झाली, आता लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला सगळे रंग दिसतात. टाचणी फळ्याकडे बघत म्हणाली, “म्हणजे चाळीस साक्षीदार नव्हते. एकच होता, आणि तोही लिफ्टमध्ये.”

बाक सहावीतल्या एका मुलीचा होता. इतकी लहानखुरी की तिला मुंगी म्हणतात. तिला खोलीत बोलावलं. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, हाताची घडी, नजर माझ्या कपाटाकडे. शिक्का त्यात असतो हे तिला ठाऊक होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं, ‘एवढंही कळलं नाही का तुला?’

आणि नेमकं तेव्हा तुझं दुकान आठवलं. मी कॉलेजमधून आले की तुझ्या कामाच्या टेबलापाशी स्टुलावर बसायचे. कुणी घड्याळ आणलं की तू ते उघडायच्या आधी विचारायचास, “कधीपासून बंद आहे?” मग, “त्या वेळी कुठे होतात?” एक बाई घड्याळ कपड्यांबरोबर धुऊन घेऊन आल्या होत्या. मी फिस्सकन हसले तर तू मला चहा आणायला पिटाळलंस. त्यांना मात्र तू शांतपणे विचारत राहिलास.

म्हणून मी मुंगीला विचारलं, “भीती कधीपासून वाटतेय?”

तिने कपाटावरची नजर काढली. मग म्हणाली, “मागच्या वर्षीपासून.”

“कसली?”

“मला फळा दिसत नाही. शेजारचीच्या वहीत बघून लिहिते. तपासणीत कळलं तर मला पहिल्या बाकावर बसवतील. ती तिसऱ्यावरच राहील.”

एवढंच. मावशीच्या फोनवर तो मेसेज दिसला आणि तिला हवी तशी गोष्ट सापडली. मुंगी आपला बाक वाचवत होती. मी तिच्यावर शिक्का मारला असता तर मेसेज खोटा ठरला असता, पण तिला फळा दिसला नसता.

दादा, तुझा ग्रुपवरचा शेवटचा मेसेज लवंगेच्या तेलाचा होता. ‘सात दिवस चोळा, हाताची थरथर कायमची बंद.’ मी दोन मिनिटांत शिक्का टाकला. वर आणखी एक ओळ लिहिली. ती ओळ मी इथे परत लिहीत नाही. तुला ती पाठ असणार.

हे पत्र लांबलं. वह्या तपासायच्या आहेत. (समुपदेशकाकडे वह्या नसतात, हे तुला माहीत आहे. लिहवत नाहीये, म्हणून थांबते.)

वहिनीच्या हाताचं कळव. या वेळी ता. क. मध्ये नाही विचारलं.

तुझी, शिक्का कपाटात कुलूप लावून ठेवलेली,
बहीण


२ मार्च, रविवार

दादा,

आधी मुंगीचं सांगते, मग माझं.

शिक्का गेला. पेटीचंही झाकण मी काढून टाकलं, आता तिच्यात शिपाईमामा छत्र्या ठेवतात. त्याऐवजी एक वही केली आहे. जाड, दोनशे पानी. टाचणीने तिच्यावर नाव घातलं, ‘आम्ही कसे फसलो’. नियम एकच, तोही तिचाच. ज्याला दुसऱ्याला विचारायचंय त्याने आधी आपली फसगत लिहायची. कुणालाही सूट नाही.

पहिल्या दिवशी वही कोरी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुख्याध्यापिका दार उघडून डोकावल्या आणि त्याही बघायला लागल्या. म्हणजे सुरुवात मलाच करावी लागणार होती, आणि माझ्याकडे एकच फसगत अशी होती जी मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. तुला तर नाहीच नाही.

दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आठवडाभर राहायला आले होते. माझा फोन बादलीत पडला होता, आठवतं? तो बादलीत पडला नव्हता. बॅटरी दोन तास बर्फात ठेवली की दुप्पट टिकते, असा एक मेसेज मला आला होता. खाली एका शास्त्रज्ञाचा फोटो होता. दाढीवाला. मी फोन तुमच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवला, मटारच्या पिशवीमागे. आणि विसरले. सकाळी काढला तर पाटी झालेली. तो उन्हात ठेवल्यावर आतून पाणी सुटलं. तू दोन दिवस दुकानातली कामं बाजूला ठेवून तो उघडलास, पुसलास, वाळवलास, चालू केलास. मी बादलीचं सांगत राहिले. गंमत म्हणजे बादलीचा रंगही सांगितला होता.

हे सगळं वहीत लिहिलं आणि वर्गात वाचून दाखवलं. मुलं हसली ती पार बाकावरून खाली. पण ते हसणं निराळं होतं रे. तास संपायच्या आत बावीस जणांनी हात वर केले. खेळाच्या सरांनी लिहिलं, गाजराने चष्मा टळतो म्हणून ते चौदा वर्षं रोज गाजर खात होते. मुख्याध्यापिकांनी वही घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी एक पान चिकटवून परत केली. उघडून बघणाऱ्याने आधी आपलं लिहावं, अशी वर टीप.

आता कुणी काही घेऊन आलं की मी खरं की खोटं विचारत नाही. ते शेवटी. आधी विचारते, वाचल्यावर पोटात काय झालं? भीती वाटली, राग आला, की बरं वाटलं? मग, हे खरं असावं असं तुला का वाटत होतं? एवढं बोलून झालं की मुलं स्वतःच म्हणतात, “बाई, बाण काढूया का?” आणि फळ्याकडे जातात. निम्म्या वेळा मला बोलावंही लागत नाही. माझी नोकरी टाचणीच्या हाती आहे.

डोळेतपासणी परत झाली. गैरहजर नऊ. त्यांतल्या चौघांची पोटं खरोखरच दुखत होती, मी घरी जाऊन बघितलं. मुंगीला चष्मा लागला. जाड भिंगांचा. तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि तिच्या मैत्रिणीलाही. ‘तिला बोलायची सवय आहे, समोर असलेली बरी’ असं कारण मी वर्गशिक्षिकेला दिलं. आता दोघी मिळून फळ्यावरच्या चुका काढतात. वर्गशिक्षिका माझ्याशी बोलत नाहीत.

झालं मुंगीचं. आता माझं.

मी लिहिलं होतं, ‘दादा, लोकांची घड्याळं दुरुस्त करता करता तुझं डोकं मागे पडलंय का?’ त्रेचाळीस जणांसमोर. एकोणीस जणांनी त्यावर हसरे चेहरे टाकले. मी मोजले होते. त्या दिवशी ते मोजताना बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

आणि मला माहीत होतं. वहिनीने त्याच्या दोन आठवडे आधी मला फोनवर सांगितलं होतं की उजवा हात थरथरतो, कप बशीवर वाजतो. म्हणाली, “यांना सांगू नकोस मी तुला बोलले म्हणून. हे घाबरतील.” तू आधीच घाबरला होतास. म्हणून तर ते तेल. तो मेसेज तू आम्हाला शहाणं करायला टाकला नव्हतास. तू विचारत होतास, कुणाला काही माहीत आहे का? हे मला कळत होतं, दादा. ज्या कामाचं मी शिक्षण घेतलं त्यात पहिल्या महिन्यात हेच शिकवतात.

मग का लिहिलं? वहिनीने सांगितल्यापासून मीसुद्धा सारखं तेच वाचत होते. हात का थरथरतात, पुढे काय होतं. मी वाचत होते ते खरं असण्याची शक्यता होती. तुझा मेसेज खोटा होता. खोट्यावर शिक्का मारता येतो. खऱ्याचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

चार महिने होत आले. तू कुणाला विचारलं नसशील. मुलं नाहीत का चार दिवस गप्प बसली, तसाच. फरक एवढाच की त्यांच्या बाबतीत दुसरी तपासणी लावता आली.

म्हणून विचारतेय. आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुमच्याकडच्याच एका नसांच्या डॉक्टरबाईंचं नाव दिलंय. तुझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटं. मी फोन करून १२ मार्च, बुधवार, सकाळी अकराची वेळ घेतली आहे. न विचारता घेतली, ती रद्दही करता येते. त्या फोनवरच म्हणाल्या की हात शंभर कारणांनी थरथरतो, त्यातली बरीचशी साधी असतात, पण बघितल्याशिवाय सांगता येत नाही. मी पहाटेच्या गाडीने येईन. प्रश्न तू विचार. मी नुसती शेजारी बसेन. लवंगेच्या तेलाचंही विचारू. मला खरंच माहीत नाही, मी तेव्हाही शोधलं नव्हतं.

सोबत शिक्का पाठवतेय. फेक, जाळ, काय वाटेल ते कर. माझ्या कपाटात तो नको.

तुझी बहीण


६ मार्च, गुरुवार

धाकटीस,

तिन्ही पत्रं पोचली. पहिलं फाडणार होतो, तुझ्या वहिनीने हातातून काढून घेतलं. त्यात एकदा नमस्कार आणि चार वेळा माझ्या चुका होत्या. मी मोजल्या. मोजायची खोड घराण्यातच दिसते.

तू लिहिलंस की तीन महिन्यांत मी एकही खोटा मेसेज पाठवला नाही. चूक. रोज पाठवत होतो. सकाळी सातला. फक्त तुझ्या वहिनीला पाठवत होतो, ती शेजारच्या खोलीत असते. ती तिथूनच “वाचलं” म्हणून ओरडायची.

दुकानाचं तू फार मोठं करून लिहिलंस. गिऱ्हाइकाला हसलं की ते परत येत नाही, एवढाच हिशेब असतो त्यात. पण त्या बाईंचं घड्याळ मला आठवतं. दोनदा धुऊन आणलं होतं त्यांनी.

लवंगेच्या तेलाने काही झालं नाही. सातव्या दिवशीच कळलं होतं. उशीला मात्र अजून वास येतो. पुढे विचारायचं कुणाला ते समजेना. घरात ज्याला त्यातलं कळतं असं एकच माणूस होतं आणि त्याच्या हातात शिक्का होता. तुझ्या टाचणीला माझा नमस्कार सांग. ती मोठी होऊन काय करणार आहे ते विचारून ठेव, मला दुकानात माणूस हवं आहे.

शिक्का मिळाला. माझ्या कामाच्या टेबलाचा एक पाय सव्वीस वर्षं आखूड आहे, बारीक स्क्रू घरंगळतात. मूठ कापून रबराचा तुकडा त्याखाली लावला. टेबल आता हलत नाही. अक्षरं जमिनीकडे आहेत.

आता फोनचं. बादलीत पडलेल्या फोनमध्ये साबणाचा पांढरा थर बसतो. तुझ्यात तो नव्हता. आत एक मटाराचं साल होतं. ते बटणाखाली अडकलं होतं, चिमट्याने काढलं. तू लाल बादली म्हणालीस. आपल्याकडे लाल बादली कधीच नव्हती. तू एवढ्या मन लावून सांगत होतीस की मोडवेना.

बुधवारी येतो आहोत. अकराची वेळ असेल तर पावणेअकराला दारात पोचायचं. तुझं मनगटावरचं घड्याळ सात मिनिटं मागे असतं. कॉलेजात असल्यापासून आहे, तुला वाटत आलंय की गाड्याच लवकर सुटतात. या वेळी माझ्याकडे दे.

तुझ्या वहिनीला मीच पत्र वाचून दाखवलं, तिने सांगितल्याचा भाग धरून. आम्ही दोघं चार महिने एकमेकांपासून एकच भीती लपवत होतो असं निघालं. तू हसशील. आम्हीही हसलो, मग जरा वेळ नाही हसलो.

शेजारी नुसती बसू नकोस. मला तिथे काही कळलं नाही तर तू विचार.

तुझा,
दादा

खालची ओळ तिची आहे. तिने स्वतः लिहिली, अर्धा तास लागला. अक्षर हलतं, लावून वाच.

तू बाहेर विसरलेले मटार मीच परत आत ठेवले होते. ये लवकर. वहिनी